वाळुंजाच्या गाठी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि हातात एक काडी आहे असं समजा. द्राक्षवेलीची काडी. गेल्या उन्हाळ्यात वाढलेली, तपकिरी, तुमच्या करंगळीएवढी जाड. तुम्ही एका उभ्या उतारावर आहात. पायाखाली पाटीसारखे चपटे दगड आहेत आणि पाऊल टाकलं की ते सरकतात. खाली लांबच लांब तळं पसरलंय, एप्रिल लागला तरी अजून गार, पोलादाच्या रंगाचं. तुमच्या डोक्याच्या वर एक तार ताणलेली आहे, गुडघ्याशी दुसरी. काडी वरच्या तारेवरून घ्यायची, खाली वाकवायची आणि खालच्या तारेला बांधून टाकायची. एवढंच काम.

थांबा, वाकवू नका अजून. आधी रोवीनाची गोष्ट ऐका. तोवर काडी हातात राहू द्या.

रोवीना तेव्हा सहावीत होती. आमच्या केउका तळ्याच्या पश्चिम काठावर तिच्या वडिलांची, म्हणजे मर्लची, द्राक्षबाग होती. खालच्या सपाटीला काळीनिळी कॉन्कॉर्ड, ती रसासाठी आणि जॅमसाठी जायची. मधल्या उतारावर कटॉबा आणि डेलावेअर. ही दोन्ही द्राक्षं दिसायला लालसर, पण पिळली की रस फिका निघतो आणि त्यांची वाइन पांढरी होते. एका कोपऱ्यात एल्व्हिरा. तिची साल इतकी पातळ, की तोडणीच्या आठवड्यात पाऊस आला तर मणी आपसूक फुटायचे आणि सगळ्या गावाच्या माश्या तिथे जेवायला यायच्या. आणि सगळ्यात वर, रस्त्याला लागून, जुनी डचेस.

डचेस वाढवायला कुणाला आवडायचं नाही. कडक हिवाळा पडला की तिच्या काड्या मरतात. तिचा घड भरला तर भरला, नाहीतर अर्धा रिकामा. पण आमच्याकडच्या जुन्या द्राक्षांना एक उग्र, रानटी वास असतो, तो हिला जवळजवळ नाही. तिची पांढरी वाइन शांत असते, असं मोठी माणसं म्हणत. रोवीनाला वाइनशी काही देणंघेणं नव्हतं. तिला डचेसचा मणी आवडायचा. पिवळट हिरवा, उन्हासमोर धरला तर आतल्या बियांची सावली दिसणारा. दरवर्षी पिकलेला पहिला घड ती आणि लुएला आत्या तिथेच दगडांवर बसून खायच्या, आणि बिया कोण लांब थुंकतं याची पैज लावायच्या. आत्या दरवेळी जिंकायची.

लुएला खरं तर मर्लची आत्या, पण घरातले सगळेच तिला आत्या म्हणत. डचेसच्या वेली तिच्या वडिलांनी लावलेल्या. ती रोवीनाएवढी असल्यापासून दर वसंतात त्या बांधायचं काम तिचंच होतं. बाकीचे बागवाले कागद गुंडाळलेल्या तारेच्या तुकड्यांनी बांधायचे. आत्या मात्र वाळुंजाचे फोक वापरायची. ओढ्याकाठी तिनं वाळुंजाच्या झाडांची रांग राखली होती. कोवळे, पिवळे, दोरीसारखे लवचीक फोक ती कापून आणायची आणि पाण्याच्या बादलीत उभे करून ठेवायची. वाळुंजाची गाठ उन्हाळाभर धरते, पुढच्या हिवाळ्यात कुजून आपली आपण सुटते, आणि वेलीच्या मानेला कधी फास बसत नाही. आत्याला एवढं कारण पुरेसं होतं.

त्या हिवाळ्यात दोन गोष्टी झाल्या. तळ्याच्या टोकाला जी मोठी वाइनरी होती, तिचा माणूस येऊन सांगून गेला की यापुढे डचेस घेणार नाही. आणि फेब्रुवारीत आत्या ओसरीच्या पायरीवर बर्फावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. डचेसची छाटणी तिनं त्याआधी उरकली होती. बांधणी राहिली होती.

डचेसला गिऱ्हाईक अगदीच नव्हतं असं नाही. तळ्यापलीकडे आर्डिस नावाची एक बाई आपल्या जुन्या गोठ्यात थोडी थोडी वाइन करू लागली होती. डचेस जेवढी येईल तेवढी मी घेईन, असं तिनं मर्लला सांगितलं होतं. पण मर्लनं एका रात्री जेवताना, बटाटे वाढून घेता घेता, सांगून टाकलं की यंदा डचेस उपटायची. शेजारच्या हार्लनकडे मोठा ट्रॅक्टर होता आणि जाड साखळी होती. एका दिवसात उतार मोकळा होईल, मग तो गवताला सोडता येईल.

आत्या प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवून दुसऱ्या हातानं मटार चमच्यात गोळा करत राहिली.

रोवीनानं विचारलं, की आर्डिसबाई घेणार आहेत ना?

"घेणारी आहे गं," मर्ल म्हणाला. "बांधणार कोण? मला कटॉबाच पुरून उरलीय. न बांधलेली वेल वाऱ्यात आपटून स्वतःच्याच काडीवरचे डोळे झाडून टाकते. तशी ठेवण्यात काय अर्थ?"

"मी बांधीन."

मर्ल हसला नाही, हे त्याचं चांगलं. त्यानं काटा खाली ठेवला. "पुढच्या आठवड्यात सुट्टी लागतेय तुझी. मैत्रिणीकडे जायचं होतं ना?"

"नाही जात."

मग त्यानं अट घातली. काडीवरचे डोळे, म्हणजे पालवीचे कोंब, फुगायच्या आत बांधायचं, शेवटच्या वेलीपर्यंत. फुगलेल्या डोळ्याला बोट लागलं तरी तो गळतो, त्यानंतर बागेत हात घालायचा नाही. आणि एक जरी वेल राहिली तरी हार्लन साखळी लावणार. "मी मुद्दाम कडक बोलत नाहीये, रोवी," तो म्हणाला. "अर्धी बांधलेली बाग म्हणजे सगळ्यांनाच डोकेदुखी."

जेवणानंतर आत्यानं स्वयंपाकघरातली खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवली आणि तिच्या पायावर रोवीनाला गाठ शिकवली. फोक दोनदा गुंडाळायचा, टोकं एकमेकांभोवती पिळायची आणि पीळ अंगठ्यानं आत खुपसायचा. आत्याचा एकच हात चालत होता, त्यामुळे उरलेलं ती तोंडानं सांगत होती. तारेशी आवळून बांध. खोडाशी सैल ठेव, त्याला उन्हाळाभर जाड व्हायचंय. रोवीनाचे पहिले फोक मोडले, पुढचे सुटले. झोपायच्या वेळेपर्यंत खुर्चीच्या चारही पायांना, झाडूला आणि कुत्र्याच्या पट्ट्याला वाळुंजाच्या गाठी लागल्या होत्या.

सुट्टीचे पहिले दिवस ओलेच गेले. तळ्यावरून धुकं चढायचं, मग झिमझिम सुरू व्हायची. रोवीना कमरेला फोकांची जुडी खोचून, सफरचंदाचं एक रिकामं खोकं बरोबर घेऊन खालच्या ओळीपासून सुरुवात करायची. वरच्या तारेला हात पुरत नसे, म्हणून खोक्यावर चढायचं. काडी तारेवरून घ्यायची, वाकवायची, उतरायचं, खाली बांधायची, खोकं उचलून पुढच्या वेलीपाशी जायचं. बाह्यांतून पाणी थेट काखेपर्यंत यायचं. मोजे पिळले तर बादली भरली असती. ओळी हळूहळू सरत होत्या आणि तिला वाटत होतं, की हा पाऊस नसता तर आपण केव्हाच वर पोचलो असतो.

हार्लन रस्त्यावरून ट्रॅक्टर नेताना थांबायचा. मोठं पोट, मोठा आवाज, आणि चेष्टा केल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

"काय गं, बाग बांधतेयस की टोपली विणतेयस?"

"टोपली," रोवीना खोक्यावरून म्हणाली. "तुमची साखळी ठेवायला."

हार्लन खूश होऊन मांडीवर थाप मारत निघून गेला. पण जाता जाता त्यानं वरच्या ओळीकडे बोट केलं. तिथे एका वेलीची एक काडी बेसुमार लांब राहिली होती, तारेवरून पार शेजारच्या वेलीच्या पलीकडे लोंबत होती. लुएला म्हातारी झाली, छाटायची विसरायला लागली, असं तो म्हणाला. रोवीनाला ते लागलं. तिनं घरी येऊन आत्याला विचारलं, ती लांब काडी कापू का. आत्या म्हणाली, राहू दे ती.

मग एका सकाळी वारा फिरला. उत्तर-पश्चिमेकडून कोरडा, कडक वारा आला आणि त्यानं आभाळ पुसून लख्ख केलं. तळं चमकायला लागलं. रोवीनाला वाटलं, आला आपला दिवस. कोरडे मोजे, कोरड्या बाह्या. न्याहारीचं धिरडं तिनं मेपलच्या पाकात बुडवून उभ्या उभ्याच खाल्लं आणि ती पळाली. आत्या पिठात हात घालून पाव मळत होती. ती काहीतरी विचारत होती, पण दार तोवर आपटलं होतं.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती रोवीना रोज पाहत होती आणि तिच्या कधी लक्षात आली नव्हती. वसंतात धुक्याच्या सकाळी लुएला आत्या घरात सापडायची नाही. आणि लख्ख उन्हाच्या दिवशी त्या घरात पावाचा वास असायचा.

हार्लनचा ट्रॅक्टर त्या सकाळीही थांबला. या वेळी तो हसत नव्हता, जरा गोंधळल्यासारखा दिसत होता. "आज बांधणी? आज तर लुएला घरात पाव भाजत बसली असती."

रोवीनाला वाटलं, हा आत्याला आळशी म्हणतोय. तिनं पाठ फिरवून पुढची काडी धरली आणि तारेवरून ओढली.

टक्.

पेन्सिल मोडावी तसा आवाज झाला. काडी मधोमध मोडली होती आणि सालीच्या एका धाग्यावर लटकत होती. काडी कमजोर असेल, असं तिला वाटलं. तिनं दुसरी घेतली. ती थोडी वाकली आणि मोडली. पुढच्या वेलीवर तिनं दोन्ही हात लावले, सावकाश, अगदी सावकाश. एक बांधली गेली. तिला धीर आला. त्यानंतरच्या दोन मोडल्या. पण आज थांबलं तर सुट्टी संपेल, सुट्टी संपली तर डोळे फुगतील, आणि डोळे फुगले की साखळी. ती दात आवळून पुढे जात राहिली. जितक्या काड्या मोडत गेल्या, तितका तिचा जोर वाढत गेला. शेवटी ती एका जुनाट, वाकड्या वेलीपाशी आली. त्या लांब काडीच्या अगदी शेजारची वेल. काडी तारेपर्यंत येईना, म्हणून तिनं खोक्यावरून सगळं अंग टाकून ओढली. काडी तुटली नाही. खोडाचं डोकंच वरपासून चिरत गेलं. आतलं लाकूड भुसभुशीत होतं, काळं पडलेलं.

रोवीना खोक्यावरून उतरून खाली बसली.

दुपारी आत्या वर आली. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हाताला पीठ वाळलेलं. दगडांवरून चढताना तिला धाप लागली होती. तिनं रोवीनाकडे पाहिलं नाही. आधी ओळीकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"कधीपासून चाललंय हे?"

"सकाळपासून."

"पहिली मोडली तेव्हा काय केलंस?"

"दुसरी वाकवली."

"मग?"

"मग तिसरी."

आत्या खोक्यावर तिच्या शेजारी टेकली. मग आत्यानं एक मोडकी काडी उचलून तिच्या हातात दिली. काडी हलकी होती, वाऱ्यानं सुकून पार खडखडीत झालेली.

"चूक माझीसुद्धा आहे," आत्या म्हणाली. "मी तुला गाठ शिकवली, दिवस शिकवायचा राहिला. हे कुणाला सांगावं लागतं, असं मला कधी वाटलंच नाही. माझ्या आईनं मला सांगितलं नव्हतं. ती कोरड्या वाऱ्याच्या दिवशी मला घराबाहेर सोडायचीच नाही, बस्स."

मग तिनं सांगितलं. हवेत ओल असली की काडी ती ओल पिऊन चामड्याच्या पट्ट्यासारखी होते, वाकवाल तशी वाकते. कोरडा वारा सुटला की तीच काडी काचेसारखी. त्या दिवशी बागेत जाऊन काही मिळत नाही. घरी बसायचं, फोक भिजवायचे, पाव भाजायचा, आणि संध्याकाळी बाहेर जाऊन हवेला नाक लावायचं.

"मर्लला कोण सांगणार?" आत्यानं विचारलं.

"मीच."

मर्ल कोठारात कात्र्यांना धार लावत होता. रोवीनानं सगळं सांगितलं. मधे थांबली नाही आणि वाऱ्याला दोष दिला नाही. त्यानं धार लावायचा दगड ठेवला आणि तिच्याबरोबर वर चढून गेला. एकेका वेलीपाशी थांबून बघितलं. काडी मोडलेल्या प्रत्येक वेलीवर आत्यानं छाटताना एक राखीव काडी ठेवली होती. ती बांधली तर चालेल, यंदा फळ कमी येईल एवढंच, असं तो म्हणाला. मग ते चिरलेलं खोड आलं. त्यानं कुजकं लाकूड बोटानं उकरून पाहिलं.

"ही गेली," तो म्हणाला. "आज नाहीतर उद्या जाणारच होती, पण गेली. अट काय होती?"

"शेवटच्या वेलीपर्यंत."

"अट तीच आहे, रोवी."

ती मान हलवून खाली आली. रात्री उशीत तोंड खुपसून रडली, हे आत्याला माहीत होतं. सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली, हेही.

त्यानंतर कोरडा वारा हटेचना. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. दिवसा ऊन तापायचं आणि बसच्या खिडकीतून रोवीना उताराकडे बघत राहायची. वेलींच्या डोळ्यांवरचं तपकिरी कवच सुटायला लागलं होतं. आत गुलाबी लव दिसायची, मांजराच्या पिल्लाच्या कानासारखी. खालच्या कॉन्कॉर्डला तर ती आलीच होती. वरची डचेस मागे होती, पण किती मागे? हार्लननं ट्रॅक्टर आणून रस्त्याच्या कडेला उभा केला. साखळी मागे गुंडाळून ठेवलेली. वाईट हेतू काही नव्हता त्याचा. मर्लनं सांगितलं की लगेच कामाला लागता यावं, इतकंच.

वाट बघणं हे रोवीनाला कधी जमलं नव्हतं. तरी ती बघत होती. रोज संध्याकाळी ओढ्यावरून ताजे फोक आणायचे आणि बादलीतलं पाणी बदलायचं. कोरड्या दिवशी बागेत ती फक्त फिरायची. हात पाठीमागे बांधून, म्हणजे मोह नको.

एका पहाटे कुत्रं बाहेर जायला धडपडत होतं, म्हणून तिनं दार उघडलं. बाहेर सगळं धूसर होतं. तळ्यावरचं धुकं उतारावर चढून आलं होतं, थेट वरच्या रस्त्यापर्यंत. ती रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून वर धावली. डचेसच्या काड्या ओलसर, गडद दिसत होत्या. तिनं एक धरली. लगेच ओढली नाही. दोन बोटांनी नुसती दाबून पाहिली, जरा वाकवली, थांबली, अजून जरा वाकवली. काडी तिच्याबरोबर आली.

समोरच्या डोंगरामागून सूर्य वर आला की धुकं फाटायचं आणि वारा पुन्हा सुरू व्हायचा. तोवरचा वेळ तिचा होता.

मग रोजचं ठरून गेलं. अंधार विरळ होताना ती आणि आत्या वर जायच्या. आत्या फोकांची जुडी दातांत धरून एकेक काढून द्यायची आणि रोवीना बांधायची. ऊन वेलींवर पडलं, की एखादी गाठ अर्धी राहिली असली तरी आत्या म्हणायची, बस्स. पहिल्या दिवशी रोवीना म्हणाली, एवढी एकच. आत्यानं जुडी पाठीमागे लपवली. दुसऱ्या दिवसापासून रोवीना स्वतःच खोक्यावरून उतरायला लागली. मी तेव्हा तिथल्या शाळेत शिकवत होतो. पहिल्या तासाला ही पोरगी भूगोलाच्या पुस्तकावर मान टाकायची. मी उठवलं तर म्हणायची, सर, काडी तेव्हाच ओली असते हो. मला आधी काही कळलं नाही. कळल्यावर मी तिला तेवढा एक तास झोपू देऊ लागलो.

शेवटची सकाळ एका सोमवारी आली. वरच्या ओळीतले डोळेसुद्धा आता टपोरे झाले होते. आणखी एक ऊन पडलं असतं तर हात लावायची सोय राहिली नसती. धुकं दाट होतं. रोवीनानं सगळ्या राखीव काड्या बांधल्या, दोन बोटांत धरून, डोळ्यांना धक्का न लावता. धुक्यातून बोलण्याचा आवाज आला. मर्ल आणि हार्लन वर येत होते. हार्लन सवयीनं एकेक गाठ अंगठ्यानं ओढून बघत होता. एकही सुटली नाही. एका गाठीशी तो थांबला, पुन्हा ओढली आणि ओठ पुढे काढून मान हलवली.

मग तो चिरलेल्या खोडापाशी आला. तिथे बांधायला काहीच नव्हतं.

"ही एक राहिली की," हार्लन म्हणाला. या वेळी चेष्टेनं नाही, जरा हळूच. त्यानं मर्लकडे पाहिलं. अट मर्लनंच घातली होती आणि ती सोडणं त्याच्या जिवावर आलं होतं. आत्यानं फोक तोंडातून काढले आणि ती तारेकडे बघत राहिली.

रोवीनानं तिच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. शेजारच्या वेलीची ती लांब काडी. न छाटलेली, दोन वेलींमधलं अंतर सहज पार करणारी. आत्या छाटायची विसरली असं हार्लन म्हणाला होता, तीच. वडील कटॉबात मेलेल्या वेलीची जागा कशी भरतात, हे तिनं पाहिलं होतं. शेजारणीची काडी मातीखालून न्यायची आणि जागेवर टोक बाहेर काढायचं, म्हणजे पुरलेल्या काडीला मुळं फुटतात. आमच्याकडच्या जुन्या द्राक्षांचं दुसऱ्या जातीच्या मुळांवर कलम करावं लागत नाही, ती स्वतःच्याच मुळांवर उभी राहतात.

"तुला माहीत होतं," ती आत्याला म्हणाली.

"वेल आतून गेलीय एवढं माहीत होतं," आत्या म्हणाली. "पुढचं ज्याला दिसेल त्याचं."

रोवीनानं वडिलांकडे फावडं मागितलं. मर्ल म्हणाला, कोठारातून आणायला वेळ जाईल, धुकं उठतंय. मग हार्लननं आपल्या ट्रॅक्टरमागून फावडं काढून दिलं, साखळीच्या शेजारी ठेवलेलं. तिनं दोन वेलींच्या मधे चर खणला. दगड हातानं उचलून बाजूला टाकले. नखं फुटली. मग ती लांब काडी तिनं तारेवरून सोडवली, दोन बोटांत दाबून पाहिली, आणि जरा जरा करून खाली आणली. काडी मोडली नाही. चरात निजवली, वर माती ओढली, आणि टोक दोन डोळ्यांसह चिरलेल्या खोडाच्या जागी बाहेर काढलं. शेजारी एक खुंटी ठोकली आणि टोक तिला वाळुंजानं बांधलं. आवळून नाही, सैल.

मर्ल तिच्याजवळ उकिडवा बसला. "ही नीट फळ द्यायला तीन वर्षं घेईल. माहीत आहे?"

"माहीत आहे."

"म्हणजे तीन वर्षं मला हा उतार असाच ठेवायला लावणार तू."

"शेवटची वेल बांधलीय, बाबा."

मर्लनं ती गाठ पाहिली. अंगठ्यानं ओढूनही पाहिली. मग उठून हार्लनला म्हणाला, की साखळी घरी ने, आणि जाताना आर्डिसच्या घरावरून जाशील तर तिला सांग, डचेस येतेय. हार्लन म्हणाला, ते सांगतो, पण माझं फावडं मला परत मिळणार आहे का? आत्या मोठ्यानं हसली. त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच.

समोरच्या डोंगरावरून ऊन सुटलं. खालच्या वळणावर शाळेच्या बसनं भोंगा दिला. रोवीनाचे गुडघे चिखलानं भरले होते, दप्तर घरी होतं, आणि कमरेच्या जुडीत थोडे फोक उरले होते.

ती बसच्या दिशेनं धावली नाही. आधी ओढ्याकडे धावली. आत्याच्या वाळुंजांच्या रांगेपुढे, जिथे काठ मऊ होता, तिथे तिनं उरलेले फोक एकेक करून ओल्या मातीत उभे खोचले, म्हणजे ते मूळ धरून पुढच्या वसंतासाठी वाढतील. शेवटचा खोचला, टाचेनं माती दाबली, आणि मग बसवाल्यानं दुसरा भोंगा दिल्यावर ती पळत सुटली.